ओतीव मोहर

माई पोतदारांच्या हातात सोनं आलं की त्या आधी डोळे मिटायच्या. समोरची बाई जीव मुठीत धरून बसलेली, आणि या डोळे मिटून वस्तू तळहातावर नुसती जोखत बसायच्या. मग पहिला प्रश्न, "दिलं कुणी?" सोनं किती, केव्हाचं, हे सगळं नंतर.

राजवाड्याच्या मागे, आमच्याच गल्लीत त्यांची एक खोली होती. नवरा सराफ्यातला पारखी. त्याची नजर अधू झाली तेव्हा माई त्याचे डोळे झाल्या आणि बघता बघता सगळी विद्या शिकल्या. संस्थान जाऊन मध्यप्रदेश नुकता झाला होता, पण सराफ्यातले दुकानदार अजूनही अडलं की माणूस धाडायचे, "माईजी, जरा देख लो." खरी रीघ मात्र बायकांची. वारशात आपल्याला मिळालं ते खरं की नक्कल, हे घरच्यांना कळू न देता विचारायला दुसरी जागा कुठे होती? पदराखाली काहीतरी दाबून मागच्या दारानं यायच्या. माई त्यांना बजावायच्या, "सोन्याची लाज वाटून घेऊ नये गं. ते जे आहे ते आहे. लाज माणसांना असते."

माझी आईही अशीच माईंकडे गेली.

आजी शेवटची वर्षं आमच्याकडे अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं आईनं केलं. जाण्याआधी आजीनं आईच्या हातात एक मोहर ठेवली. घराण्यात पणजोबांना दरबारातून मिळालेली एक मोहर होती, तीच ही, असं आईनं धरलं. पण तेराव्याला बेटम्याची काकू सगळ्यांसमोर हसली, "खरी तर माझ्याकडे आहे. थोरली म्हणून लग्नातच मिळाली. तुला नक्कल दिली असेल सासूबाईंनी. सेवा करून घ्यायची तर काहीतरी दाखवायला नको?"

आई त्या दिवसापासून मोहर सारखी काढून बघायची. तिला मोहर मोडायची नव्हती, विकायची नव्हती. सासूनं आपल्याला फसवलं की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं.

मी तेव्हा बी.ए. झाले होते, आमच्या घराण्यातली पहिली. आई मोहर दाखवायला जाणार, त्याच्या आदल्या दिवशी मी एकटी माईंकडे गेले. म्हटलं, "काहीही निघो, आईला खरी म्हणून सांगा."

माई भडकल्या. "वा भिया! कॉलेजातून हे शिकून आलीस? मग तूच बोल खोटं, तुझ्याजवळ डिग्री आहे. माझ्याजवळ एक जीभ आहे, ती कशाला बिघडवू?"

मला आजही वाटतं, माझं मागणं वावगं नव्हतं.

दुसऱ्या दुपारी आईबरोबर मीही गेले. माईंनी मोहर जोखली, दगडावर टाकून तिचा आवाज ऐकला, मग भिंगाखाली तिची कड फिरवत आईला म्हणाल्या, "देख सुमन, मोहर ठोकून काढतात. अक्षरं धारदार उभी राहतात. ही अक्षरं वापरलेल्या साबणासारखी. आणि कडेची ही रेघ बघ, साच्याचे दोन भाग इथे जुळले. कानशीनं घासलीय, तरी राहिली. ही ओतीव आहे. असल नव्हे."

आईनं मान हलवली, पदर सावरला आणि उठायला लागली. मला माईंचा संताप आला.

"बैठ! माझं झालं नाही अजून." माईंनी कसोटीच्या काळ्या दगडावर मोहरेची कड ओढली आणि ती रेघ उजेडात धरली. "मोहरेचं सोनं पिवळंधमक असतं. यात तांबूस झाक आहे. दागिन्याचे मणी जोडायला डाक लावतात, त्याची. म्हणजे दागिना वितळवून केलीय ही. तुझ्या सासूच्या डब्यातलं काय कमी झालं होतं?"

आई थबकली. "वज्रटीक. त्यांच्या माहेरची. देवीला वाहिली म्हणाल्या होत्या."

"कसली देवी! सोनाराच्या मुशीत गेली. घराण्याची मोहर थोरलीला, हा रिवाज. तो बुढियाला मोडवला नाही. कधी पूजेला ती मोहर घरी आली असेल, तेव्हा साचा काढून घेतला आणि त्यात स्वतःचं माहेर ओतलं."

"मग वज्रटीकच का नाही दिली?" मी विचारलं.

"लिहीपढी मुलगी आणि एवढं कळत नाही? गळ्यातलं दिलं तर ते सेवेचं बक्षीस झालं. दोन्ही सुनांच्या देवघरात सारखंच असावं, असं वाटलं असेल तिला." मग आईकडे वळून म्हणाल्या, "बस. अब रो ले."

आई रडली. माई चहा टाकायला उठल्या आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

काकूला आई यातलं काहीच बोलली नाही. मी किती डिवचलं, पण नाही.

माई वारल्या तेव्हा मी सांवेरला शाळेत शिकवत होते. रजा काढून आईबरोबर भेटायला गेले. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, सगळ्या बायकाच. रतलामहून आलेली माईंची सून गोंधळून गेली होती. "एवढ्या जणी? तुम्ही सगळ्या आमच्या सासूबाईंना कशा ओळखायच्या?"

कुणी सांगेना. एकीनं बांगड्या मागे सारल्या, एक खिडकीबाहेर बघू लागली. सराफ्यातल्या एका बड्या पेढीची मालकीण डोळे पुसत राहिली.

आणि आई बोलली. चार बायकांत कधी तोंड न उघडणारी माझी आई.

"माझ्या सासूबाईंनी मला मोहर दिली," ती म्हणाली. "ओतीव आहे. मला माईंनी सांगितलं."

मग कोपऱ्यातली एक म्हातारी पुढे सरकली. "माझे तोडे..." एवढंच म्हणून ती अडली.

"बोला ना," आई म्हणाली.