खो हळू बसला तेव्हा

भांडण जन्माला येण्याआधीच ज्याला ऐकू येतं, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: आमच्या सातपूरच्या शाळेतले पी.टी.चे सर. मी त्याच शाळेत ग्रंथपाल. मला पुस्तकांतलंही भांडण दोनदा वाचल्याशिवाय कळत नाही, सर मात्र प्रार्थनेला डोळे मिटून उभे असायचे आणि मध्येच पुटपुटायचे, "आठवी ब, तिसरी रांग. मधल्या सुट्टीत पेटणार." आणि पेटायचंच. गळ्यातली शिट्टी ते लग्नातसुद्धा काढत नसत. स्टाफरूममध्ये दोन मॅडमांनी अबोला धरला, तेव्हा स्नेहसंमेलनात सरांनी त्यांना एकाच तोरणाची दोन टोकं धरून तासभर शिडीवर उभं केलं. खाली उतरल्या त्या सरांच्या नावाने एकत्र बोटं मोडतच.

मुलांसाठी त्यांचं औषध एकच, खोखो. भांडणाऱ्या दोघांना ते एकाच संघात घेत. ज्याला मारायचं, त्याच्याच पाठीवर हात ठेवून खो द्यायचा. थाप जोरात वाजली की म्हणत, "अजून आहे रे पोटात. पुन्हा!" हळू पडली की म्हणत, "मिटलं. पाणी प्या." वर्षानुवर्षं मिटतही होतं.

मग नववीत कळवणकडचा एक मुलगा आला. वडील इथे वर्कशॉपमध्ये कामाला. एक वर्गमित्र त्याच्या बोलण्याची रोज नक्कल करी आणि सगळा वर्ग हसे. सरांनी दोघांना मैदानात उतरवलं. त्या मुलाने इतका अलगद खो दिला, की सर खूश होऊन म्हणाले, "वा रे पठ्ठ्या!" त्याच संध्याकाळी, सायकल स्टँडपाशी, त्याने दप्तरातून वडिलांचा पाना काढून त्या वर्गमित्रावर उगारला. सर मध्ये पडले. मनगटाचं हाड मोडलं ते सरांचं.

गळ्यात हात बांधून ते मुख्याध्यापिकांसमोर उभे राहिले. "मॅडम, दाखला दिल्याने भांडण मिटत नाही. नुसतं गाव बदलतं."

"आणि उद्या बाकीच्या पालकांना मी काय सांगू, सर?"

त्यांचंही खोटं नव्हतं. मुलगा दाखला घेऊन कळवणला, मामाकडे गेला.

त्यानंतर सरांनी प्रार्थनेत डोळे मिटणं सोडलं. एकदा लायब्ररीत येऊन नुसते बसले आणि म्हणाले, "मी थाप ऐकत बसलो हो. पोराला विचारलंच नाही." पुढच्या रविवारी ते एसटीने कळवणला गेले. मुलगा घरातून बाहेर आला नाही. सरांनी ओट्यावर चहा घेतला आणि परत आले. मग दर रविवारी तेच. मी म्हणालो, "अहो सर, मनगट दुखतं, गाडीत धक्के बसतात." तर म्हणाले, "त्याला नाही बसले?" एका सोमवारी मात्र सर शाळेत जवळजवळ पळतच आले. "काल स्टँडवर न्यायला आला होता! बोलला नाही. पण पिशवी धरली माझी."

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, सर झोपेतच गेले.

रविवारी मी कळवणची गाडी पकडली. दुसरं कोण सांगणार होतं त्याला? मुलगा स्टँडवर उभाच होता, केस नीट विंचरून. मला ओळखून जवळ आला, हात पुढे केला आणि माझी पिशवी घेतली. मग माझ्या खांद्यावरून गाडीच्या दाराकडे बघत राहिला.

"सर मागं बसलेत का?" त्याने विचारलं.

गाडीतून शेवटची म्हातारी उतरत होती. तिला हात द्यायला तो पुढे झाला, आणि तेवढा वेळ मला मिळाला.