अण्णांचा एकुलता एक मोर्चा

आमच्या अण्णांनी आयुष्यात एकच मोर्चा काढला, आणि तो निघाल्याचं त्यांना तो संपेपर्यंत कळलं नाही.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत सकाळी दूधवाला यायच्या आधी घोषणा यायच्या. अण्णा मात्र सरकारी कचेरीत कारकून. मोर्चाचा आवाज आला की आधी खिडकी लावून घेत, आणि मग लावलेल्या खिडकीच्या फटीला डोळा लावून मोर्चा संपेपर्यंत उभे राहत. "मनातून मी त्यांच्यातच आहे," ते आईला हळूच सांगत, "पण पेन्शन हातात पडेपर्यंत मनातच राहतो."

त्याच सुमारास मी बी.ए. झाले आणि मला खंडाळ्याच्या एका मुलींच्या शाळेत नोकरी लागली. तात्पुरती. मुलीनं परगावी एकटीनं खोली घेऊन राहायचं ही कल्पना वाडीला झेपणारी नव्हती, म्हणून मी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला माझ्या मामाकडे राहायचं आणि रोज सकाळच्या बसनं घाट चढून शाळेत जायचं असं ठरलं. पावसाळा आणि दिवाळी नीट पार पडली. मग थंडी सुरू झाली, आणि थंडीपाठोपाठ अण्णा आले. ते नुकतेच निवृत्त झाले होते. पेन्शनचे कागद अजून कुठल्या तरी टेबलावर होते आणि अण्णांना दिवसभर करायला काही नव्हतं.

"रस्ता एकदा नजरेखालून घालतो आणि जातो," ते म्हणाले.

गिरगावातल्या माणसाची थंडी म्हणजे पहाटे पंखा बंद करण्यापुरती. अण्णांनी मात्र घाटातल्या थंडीबद्दल इतकं ऐकून ठेवलं होतं, की पहिल्या दिवशी ते बसमध्ये चढले ते दोन स्वेटर, वर काळा कोट, गळ्यात मफलर, डोक्याला कानटोपी आणि कानटोपीच्या आत कानांत कापसाचे बोळे अशा थाटात. खाली नेहमीचं पांढरंशुभ्र धोतर. हातात छत्री. ("अहो अण्णा, डिसेंबरात छत्री?" "असू दे. दरीत गेलो तर धरायला होईल.")

दुसऱ्याच वळणावर अण्णांना गाडी लागली. पुढची सगळी वळणं त्यांनी लिंबू हुंगत आणि डोळे मिटून काढली. रस्ता नजरेखालून घालायचा राहिला तो राहिलाच, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं. तिसऱ्या दिवशीही. रोज ते मला शाळेच्या फाटकाशी सोडत, समोरच्या हॉटेलात बिनदुधाचा चहा घेत आणि उतरत्या गाडीनं पुन्हा तेवढंच लिंबू हुंगत खाली जात. म्हणजे मी घाटातून रोज एकदा जिवंत वर पोचावं, म्हणून अण्णा रोज दोनदा अर्धमेले होत होते.

"अण्णा, मी लहान आहे का आता?" मी एकदा चिडून विचारलं.

"काय?" अण्णांनी कानटोपी वर केली.

"मी लहान आहे का?"

"नाही, मला नको. तू खा."

त्यानंतर मी विचारणं सोडून दिलं.

शाळेत मात्र माझं काही ठीक चाललं नव्हतं. आमच्या मुख्याध्यापिका साठेबाई वेळेच्या फार कडक. घाटात मालमोटार बंद पडली म्हणून मला आधीच दोनदा उशीर झाला होता. शाळा तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "उद्या साहेब येणार आहेत. तुम्हाला कायम करायचं की नाही हे उद्याच ठरेल. आणि उद्या घाटाची सबब चालणार नाही."

मी घरी येऊन हे मामीला सांगितलं. अण्णा पलीकडे बसून कापसाचे नवे बोळे वळत होते. कान मोकळे होते, म्हणजे त्यांनी ऐकलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस घाटाच्या मध्यावर आली आणि समोरचा रस्ताच नाहीसा झाला. धुकं तसं रोजच असायचं, पण त्या दिवशीचं धुकं म्हणजे खिडकीबाहेर कोणी चादर वाळत घातल्यासारखं. ड्रायव्हर महादूनं ब्रेक दाबला.

"म्होरं काय बी दिसत न्हाई," तो म्हणाला. "कठडा बी दिसंना. ऊन येस्तवर गाडी हलायची न्हाई."

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"आता त्ये उनाला इचारा."

साहेब, साठेबाई, कायम, तात्पुरती, सगळं डोळ्यांपुढे फिरलं. कुणीतरी सुचवलं की कंडक्टरनं पुढे चालावं आणि त्याच्यामागून गाडी हळूहळू न्यावी. कंडक्टर दहा पावलं चालला आणि त्याच्या खाकी कपड्यांसकट दिसेनासा झाला. मग तो हाका मारत आमच्याकडे, आणि आम्ही हाका मारत त्याच्याकडे, असं करून तो परत मिळाला.

"पांढरं काय तरी पायजेल," महादू म्हणाला. "दिव्यात पांढरं दिसतं."

अख्ख्या बसमध्ये पांढरं धोतर एकच होतं, आणि त्यात अण्णा होते.

मला वाटलं, त्यांना काही ऐकू गेलं नसेल. पण कंडक्टरनं त्यांच्या धोतराकडे बोट दाखवलं, मग रस्त्याकडे दाखवलं, आणि अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. लिंबू कोटाच्या खिशात टाकलं, छत्री उचलली आणि खाली उतरले.

ते दृश्य मी विसरणार नाही. बसच्या पिवळट उजेडात एक धोतर चाललं होतं. वरचा काळा कोट धुक्यात विरघळलेला, त्यामुळे नुसतं धोतरच. डावीकडची छत्री कठड्याच्या दगडांवर टक् टक् करत जात होती आणि त्या आवाजामागून आमची बस मुंगीच्या पावलानं. ज्या माणसानं या घाटात डोळे म्हणून उघडले नव्हते, तो सगळ्यांच्या पुढे डोळे फाडून चालला होता.

थोड्या वेळानं बसपेक्षा आपणच भरभर चालू असं उतारूंच्या लक्षात आलं. शिवाय आत गारठून बसण्यापेक्षा चाललेलं बरं. एकेक करून वीस-पंचवीस जण उतरले आणि अण्णांच्या मागे चालू लागले. मीही उतरले. मागे दोन मालमोटारी येऊन लागल्या. त्यांचे क्लीनर उतरले. वाटेत रस्तादुरुस्तीचे मजूर घमेली-फावडी घेऊन कामावर निघाले होते, तेही सोबत म्हणून मिसळले. आमच्यात लोणावळ्याला निघालेली तीन-चार कॉलेजची पोरं होती. एवढी माणसं, पुढे एक वयस्क धोतरवाले गृहस्थ आणि मागे गाड्यांची रांग, हे पाहून त्यांच्यातल्या एकाला राहवलं नाही.

"संयुक्त महाराष्ट्र!" तो ओरडला.

"झालाच पाहिजे!" मजुरांनी फावडी उंचावली.

अण्णांच्या पेन्शनचे कागद अजून टेबलावरच होते. मी पळत पुढे निघाले. धुक्यात ओल्या झालेल्या चपला, पायांत येणारं पातळ, आणि अण्णा काही थांबेनात.

"अण्णा!" मी हाक मारली.

"झालाच पाहिजे!" मागून गर्जना झाली.

"अहो अण्णा!"

"झालाच पाहिजे!"

तिसऱ्या हाकेला मीच घोषणा देते आहे असा सगळ्यांचा समज झाला होता आणि कॉलेजची पोरं मला "ताई, अजून जोरात" म्हणून धीर देत होती.

एव्हाना धुकं विरळ झालं होतं. महादूनं भोंगा वाजवून अण्णांना बाजूला व्हायची खूण केली. अण्णांना तो भोंगा कुठून तरी लांबून ऐकू आला असावा. ते समजले, की गाडी मागे रेंगाळते आहे. त्यांनी न वळताच छत्री उंच करून "या, या" अशी हलवली आणि चालण्याचा वेग वाढवला. ती उंचावलेली छत्री पाहून मोर्चाला जो चेव चढला, तो खंडाळा येईपर्यंत उतरला नाही.

वर नाक्यावर एक हवालदार उभा होता. त्यानं हात आडवा केला. अण्णा थांबले. अण्णा थांबले म्हणून सगळे थांबले.

"तुम्ही पुढारी काय?" हवालदारानं विचारलं.

"हो, हो. पुढंच जायचंय," अण्णा नम्रपणे म्हणाले.

"मागं कोणकोण आहे तुमच्या?"

"मंडळी आहेत, आणि दोन मुली. थोरलीचं लग्न झालं."

हवालदारानं वही काढली तशी मी मध्ये घुसले. महादूही उतरून आला. आम्ही दोघांनी मिळून धुकं, धोतर, बस, तपासणी असं सगळं एकाच वेळी सांगितलं. हवालदारानं ते दोनदा ऐकलं, मग मागच्या माणसांकडे पाहिलं, मग कापूस डोकावणाऱ्या कानटोपीकडे. त्यानं वही मिटली. "बाबांना च्या पाजा," तो म्हणाला. आणि आजूबाजूला दुसरा पोलीस नाही असं पाहून हळूच म्हणाला, "झाला पायजे, आमचं बी तेच म्हननं हाय."

शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. घोषणा ऐकून मुली भिंतीवर चढल्या होत्या आणि साठेबाई फाटकात उभ्या होत्या. घंटा होऊन गेली होती. मी मान खाली घालून पुढे झाले, तर बाई माझ्या बाजूनं तडक अण्णांकडे गेल्या आणि त्यांनी वाकून नमस्कार केला.

"एवढे मोठे कार्यकर्ते आपले वडील, आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?" त्या मला म्हणाल्या.

अण्णांनी कानांतला कापूस काढला. "छे हो," ते म्हणाले, "मी आपला मुलीला सोडायला आलो होतो."

"मोठी माणसं असंच बोलतात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः चहा मागवला. माझ्या उशिराबद्दल अवाक्षर नाही. तपासणीचे साहेब तर आमच्यानंतर पुष्कळ वेळानं आले. त्यांची मोटार खाली धुक्यात अडकली होती. त्यांच्यापुढे धोतर नव्हतं.

मी कायम झाले. लोकांच्या नोकऱ्या वशिल्यावर लागतात, माझी धोतरावर टिकली.

त्या दिवशी अण्णा शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिले. परत जाताना हळूच म्हणाले, "पेन्शन अडवतील का गं?"

"नाही अडवणार."

"बरं. तू शिकवतेस चांगलं. ऐकलं मी." आणि थोड्या वेळानं, "सकाळी बसमधून उतरल्यावर एकदाही मळमळलं नाही बघ. चालत गेलं की नाही होत."

त्या शनिवारी आम्ही दोघं मुंबईला गेलो. घरच्या मोडक्या नळानं आईची सहनशक्ती संपवली होती, म्हणून अण्णा तिथेच राहिले. सोमवारी सकाळी खोपोलीच्या थांब्यावर मी एकटीच गेले. इतके दिवस ज्यासाठी धडपडत होते ते स्वातंत्र्य मला मिळालं होतं. मी बसमध्ये चढले. महादूनं गाडी सुरू केली नाही. कंडक्टर दारात उभा राहून रस्त्याकडे बघत होता. उतारूही बघत होते. सगळे स्वस्थ बसून राहिले. मीही.

बऱ्याच वेळानं महादूनं वळून विचारलं, "अण्णा कुठं ऱ्हायले?"

शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती. साठेबाई दारातच भेटल्या.

"आज कशानं उशीर?"

"बस थांबली होती. अण्णांसाठी."

"आलेत का?" त्यांनी लगबगीनं पदर सावरला.

"नाही. ते परवाच मुंबईला गेले."

"तुम्हाला ठाऊक होतं ना ते? मग ड्रायव्हरला सांगायचं नाही का?"

उत्तर आलं नाही की आमच्या आठवीच्या मुली जे करतात, आणि ज्याबद्दल मी त्यांना रोज रागावते, तेच मी केलं. मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले.