मुकी विहीण

रायपूर राजधानी झालं आणि उरल्याच्या कारखान्यांमागं आमच्या लोकांनी घरं टाकली. कोणी भंडाऱ्याचा, कोणी गोंदियाचा, कोणी वर्ध्याचा. गाववाल्यांनी सरसकट नाव ठेवलं, 'नागपुरी पारा'. त्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, पहिल्या नंबरची बोलकी म्हणजे आमची शेजारीण विमलाबाई. नवरा मारोतीराव रोलिंग मिलमध्ये. मशीनच्या आवाजानं कान गेले, असं तो सांगे. आम्ही मिलला कधी दोष दिला नाही.

लेक पूर्णिमा. तिला शहरातल्या सदर बाजाराकडून स्थळ आलं, नील नावाच्या मुलाचं. त्याची आई सरोजिनीबाई. घराणं जुनं, नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडं आलेलं, शुद्ध मराठीचा तोरा मिरवणारं.

"पोट्टी त्या घरात गेली पाहिजे," विमलाबाई म्हणाली, "मंग मले मरण आलं तरी चालते."

पण त्या घरात 'मले' चालत नव्हतं ना! म्हणून बाई घोकत बसली. जिथं 'ले', तिथं 'ला'. कढई घासताना मला, कपडे वाळवताना तुला.

पाहुणे आले. पोह्यांच्या बशा देत बाई थाटात म्हणाली, "आमच्या पूर्णिमाला लहान मुला लय आवडते. फुला आवडते. हे पोहे तिनंच केला."

सरोजिनीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"क्या हुआ, मम्मी?" नीलनं विचारलं. भोसल्यांची मराठी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

चार दिवसांनी निरोप आला. मुलगी पसंत. फक्त लग्नात विमलाबाईंनी वरपक्षाच्या माणसांसमोर तोंड उघडू नये.

मी चिडवलं, "वहिनी, तुम्ही अन् गप? म्हणजे सावजीचा रस्सा, तोही बिनतिखटाचा!"

ती हसली नाही. "हव भाऊजी," म्हणाली, "राहीन."

आणि राहिली. लग्नाच्या पंगतीत बायकांनी दोन्ही विहिणींना नाव घ्यायचा आग्रह धरला. सरोजिनीबाईंनी झोकात उखाणा घेतला. मग सगळ्या विमलाबाईकडं वळल्या. तिचे ओठ हलले.

"अहो, त्यांना नका त्रास देऊ," सरोजिनीबाई घाईनं म्हणाल्या, "त्या मुक्या आहेत."

नीलची आत्या हळहळली. पूर्णिमाला म्हणाली, "जन्मापासून का गं?"

पूर्णिमानं आईकडं पाहिलं, मग सासूकडं.

"हाँ आत्याजी," ती म्हणाली, "बचपन से."

विमलाबाई ताटाकडं पाहत राहिली. आत्यानं तिला जिलबी वाढली, समोर वाकली आणि बोटं तोंडाशी नेऊन खुणेनं सांगितलं, खा.