थांबमामा

माझा मामा जनरेटर भाड्याने देतो. जनरेटर सुरू केला की तो आधी स्वतःचा साधा बल्ब लावतो. बल्ब कमी-जास्त होतोय तोवर कुणाचंही मशीन जोडत नाही. कुणी घाई केली की खेकसतो, "थांब!" म्हणून सगळ्यांचा तो थांबमामा.

परवा दुपारी वीज गेली आणि मामीचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं.

"मामा, आज तरी बल्बाचं राहू दे!" मी ओरडले.

"थांब! मशीन जळलं तर?" बल्ब स्थिरावल्यावरच त्याने प्लग लावला. मशीन घरघरलं. हळूहळू मामीच्या ओठांवर रंग आला.

मामा पेट्रोल बघायला अंगणात निघाला, तेव्हा जन्मभर त्याला अहो-जाहो करणाऱ्या मामीने त्याचा हात धरला.

"थांब," ती म्हणाली.