बिनतेलाचे फ्राइज

बटाट्याचा इतका छळ केलेला माणूस उभ्या पनवेलमध्ये आमच्या मावशीच्या यजमानांखेरीज दुसरा सापडणार नाही. काकांनी तळोज्याच्या कारखान्यात जन्म काढला. शनिवारची पाळी सुटली की मावशीला स्कूटरवर बसवून पळस्प्याच्या नाक्यावरच्या एका हॉटेलात फ्रेंच फ्राइज खायला न्यायचं, हा त्यांच्या संसारातला एकमेव शौक. लहानपणी कधीकधी त्या दोघांच्या मध्ये बसून मीही गेलो आहे. पुढे हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं, आणि काकांनी ओव्हन आणला. "तेलाशिवाय तीच चव आणून दाखवतो," म्हणाले. मावशीने तेव्हाच कपाळाला हात लावला होता.

त्यानंतर त्या घरात धड भाजी अशी झालीच नाही. बटाटे, रताळी, कच्ची केळी, जे हाती लागेल त्याच्या कांड्या करून काका भाजत सुटले. सुरण चिंचेच्या पाण्यात ठेवायचा राहिला, तेव्हा आम्ही सगळे घसा खाजवत बसलो. ओलाव्यामुळे कुरकुरीतपणा जातो असा शोध लागल्यावर तर गच्चीवर मावशीच्या पापडांशेजारी बटाट्याच्या कांड्याही कडकडीत उन्हात वाळत पडल्या. ओव्हनमधून जे निघालं ते चावताना माझी दाढ हलली. नेऱ्याहून रताळी घेऊन येणारी भाजीवाली दारातूनच ओरडायची, "काका, तलून खा एकदाचं, कोन नाय मरत!" काका तिला चहा पाजायचे आणि परत ओव्हनपाशी जायचे. प्रत्येक वेळी डोळे मिटून एक कांडी खायची आणि म्हणायचं, "छे, ती चव नाही." मला हसू यायचं; पण या माणसाला त्याचे शनिवार परत हवे होते, एवढंच.

यंदा डॉक्टर खूश झाले. "एखाद्या वेळी चालेल," म्हणाले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मावशीने गजरा माळला, मी गाडी काढली. पळस्प्याला पोहोचलो तर हॉटेलच नव्हतं. रस्ता रुंद झाला होता आणि त्या जागी पुलाचा खांब उभा होता. काका काच खाली करून बघत राहिले.

"जाऊ दे हो," मावशी म्हणाली, "आता तुमचेच फ्राइज खरे."

काकांनी काच वर केली. पुढे बरेच दिवस ओव्हन बंदच होता.

परवा गेलो तर काकांनी गरम बटाट्यांची बशी माझ्यापुढे सरकवली. "अरे, तिथले तू खाल्लेयस. मला आता नीट आठवत नाही, तुझ्या मावशीलाही नाही. सांग बरं, असेच होते का?"

मी चावत राहिलो. स्कूटरवरचं वारं आठवलं, तोंडावर येणारा मावशीचा पदर आठवला. चव काही केल्या आठवेना. काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तिथं मीठ किंचित जास्त असायचं," मी म्हणालो.

"बघ! मी म्हणतच होतो!" म्हणत काका लगबगीने मिठाची बरणी आणायला उठले.