शिळं पाणी

१९२९, माघ वद्य द्वितीया. काम हंडा-कळशी घासायचं होतं आणि जागा होती शिडाच्या मचव्याचा मागचा भाग. जावई कोकणात समुद्रातल्या एका बेटावर दीपगृहात नोकरीला. लेकीला सातवा लागला म्हणून तिला माहेरी सोलापूरला न्यायला मी गेले होते, आणि सोबत म्हणून यजमानांच्या आत्याबाई. परतीचा मचवा शिधा पोचवत बेटाबेटाला नांगर टाकत जाणारा. रात्री एका बेटाच्या आडोशाला थांबलो. रात्रभर नांगराची साखळी कुरकुरत होती, माझा डोळा लागला नाही.

सकाळी आत्याबाईंनी रिकामी भांडी माझ्यापुढे सरकवली. समुद्राच्या पाण्याने निम्मी घासून झाल्यावर मी विचारलं, "पाणी कुठं गेलं?"

"ओतलं. शिळं पाणी ठेवायचं असतंय व्हय?"

सोलापुरात आमच्याकडे सकाळी नळ येतो. उरलेलं पाणी तुळशीला नि झाडांना घालायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. आत्याबाईंचा हात सवयीने चालला होता. इथं तुळशीच्या जागी समुद्र होता.

"आता भरायचं कुठून?"

त्यांनी बेटाकडे बोट केलं. "तितं आड असंल की."

मचवा हाकणारा तांडेल हसला. "त्या बेटार निसती पाखरां, बाये."

मचव्यावर खलाशांचं पाण्याचं पीप होतं. पण आत्याबाई कडक सोवळ्याच्या. मासळी खाणाऱ्यांचं पाणी त्या पिणार नव्हत्या आणि नातीलाही पिऊ देणार नव्हत्या. जावयाच्या बेटावरून स्वतंत्र पाणी घेतलं होतं ते त्यासाठीच.

नांगर उचलला. थोडं गेलो आणि वारा पडला. शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबायला लागलं. ऊन चढलं. मला एका जागी बसवेना. डोलकाठीपर्यंत जायचं, परत यायचं, लेकीकडे बघायचं. तिचे ओठ सुकले होते.

"पोटात हालतंय का?"

"सकाळी हालत होतं."

"आणि आता?"

तिने पोटावर हात दाबून बघितला. मी लोटा घेऊन पिपाकडे गेले.

"लेकीला बाटवतीस?" आत्याबाई ओरडल्या.

"बाटली तर सोलापुरात बघू. तिथवर पोचायला नको का?"

लोटा पुढे केला तर लेक आजीकडे बघायला लागली. "आजी पीत नाहीत, मी कशी पिऊ?"

"आजींच्या पोटात कोणी नाही. पी."

एक लोटा संपला, दुसरा संपला. तिसरा भरत होते तेवढ्यात तिने माझा हात धरून पोटावर ठेवला. आतून चांगली लाथ बसली. मी लगेच हात काढून घेतला आणि राहिलेली कळशी घासायला बसले.

आत्याबाईंनी पाठ फिरवली होती. संध्याकाळी वारा आला आणि पुढच्या बेटाजवळ नांगर पडला, तोवर तहानेने त्यांचा आवाजही घोगरा झाला होता. तांडेलाने एक शहाळं त्यांच्यापुढे ठेवलं, शेजारी कोयता. "आत कोणाचो हात लागूक नाय, आजये. तूच फोड."

आत्याबाईंनी शहाळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बघतीस काय? फोड की!"

मी फोडलं. त्यांनी ते एका दमात संपवलं आणि शहाळ्यात डोकावून म्हणाल्या, "लई थोडं असतंय ह्यात."

रात्री हंडा पिपातल्या पाण्याने काठोकाठ भरून घेतला. बंदर अजून दिवसभराच्या वाटेवर होतं, आणि आत्याबाईंची सवय मला ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आधी उठले, हंड्यावर परात पालथी घातली आणि वर बसून लेकीची वेणी घालायला घेतली.