दाजींच्या गाडीचा नारळ

गाडी माणसासाठी असते असं ज्यांना प्रामाणिकपणे वाटतं, त्यांनी आमच्या दाजींना पाहिलेलं नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान हुमनाबादला तुरीची आडत चालवतात. त्यांच्या मते माणसाचा जन्म गाडीच्या सेवेसाठी झालेला आहे. फावल्या वेळात त्यानं जेवावं, झोपावं आणि जमल्यास संसार करावा, एवढीच त्याला सवलत आहे. बरं, गाडी तरी काही राजेरजवाड्यांची म्हणावी, तर तसंही नाही. बुटकी, चौकोनी, पुढं फुगीर आणि मागं करवतीनं कापल्यासारखी, डिझेलवर चालणारी छोटी जीप म्हणा ना. बंगळूरला कंपनीत लागलेल्या माझ्या भाच्यानं "आप्पा, आता स्कूटर पुरे" असं फोनवर महिनोन्महिने सांगून ती घ्यायला लावली. त्या दिवसांत आमच्या भागातल्या घराघरातलं एखादं पोर पुण्याला, हैदराबादला नाहीतर बंगळूरला जात होतं, आणि पोर गेलेल्या घरापुढं काही दिवसांनी एक गाडी येऊन उभी राहत होती. दाजींनी तिला कधी गाडीही म्हटलं नाही आणि जीपही म्हटलं नाही. ते नुसतं 'ती' म्हणतात. "आज तिला बरं न्हाई" असं दाजी म्हणाले, की आम्ही आधी अक्काकडे बघतो. अक्का धडधाकट असते आणि भाकरी थापत असते.

सकाळी उठल्यावर लोक देवाचं नाव घेतात. दाजीही घेतात, पण बॉनेट उघडून. ऑइलची पट्टी बाहेर ओढायची, बनियनला पुसायची, परत आत घालायची, परत ओढायची आणि उजेडाकडे धरून डोळे बारीक करून बघायची. हुमनाबादेतला कुठलाही डॉक्टर कुठल्याही पेशंटला इतका वेळ देत नाही. त्यामुळे दाजींच्या यच्चयावत बनियनांवर पोटाच्या उजव्या अंगाला एक काळा पट्टा उमटलेला आहे. अक्कानं वैतागून जुन्या धोतराची फडकी करून दिली, तर "जुन्याचा धागा सुटतोय, आत गेला म्हंजे?" असं म्हणून त्यांनी ती परत केली. पुढे किल्ली फिरवायची, पण लगेच नाही. समोर एक वेटोळ्याची पिवळी खूण पेटते, ती विझल्याशिवाय डिझेलच्या गाडीला सेल्फ मारायचा नसतो. ती विझेपर्यंत दाजी हात जोडून बसतात. शेजारी बसलेल्यानंही हात जोडावेत अशी त्यांची अपेक्षा असते. मी एकदा त्या वेळात जांभई दिली, तर दिवसभर माझ्याशी तुटक बोलले.

गाडी चालू करण्यापेक्षा बंद करण्याचा सोहळा मोठा. इंजिनात टर्बो नावाची एक चक्री असते, ती लांबून पळून आली की तापलेली असते, म्हणून पोचल्यावर थोडा वेळ इंजिन चालूच ठेवावं, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. हे तसं खरंही आहे. पण दाजींच्या हाती पडलेल्या कुठल्याही खऱ्या गोष्टीचं पुढे काय होईल ते सांगता येत नाही. दूधवाल्याकडे जाऊन आलं तरी टर्बो दम खातो. आणि तो दम खात असताना कुणी दार उघडायचं नाही, का, तर त्याला हादरा बसतो. बिदरला एका लग्नाला आम्ही अगदी वेळेवर पोचलो होतो. मांडवापुढं गाडी उभी राहिली, आत मंगलाष्टकं सुरू झाली, अक्का नव्या इरकलीत घामाघूम झाली आणि दाजी आपले स्टिअरिंगवर हात ठेवून शांत.

"अवो, सावधान म्हणायलेत तिकडं!" अक्का म्हणाली.

"म्हणू दे की. लगीन त्येंचं हाय, टर्बो आपला हाय."

शेवटी अक्कानं काच खाली करून मूठभर अक्षता मांडवाच्या दिशेनं भिरकावल्या. त्यातल्या निम्म्या बॉनेटवर पडल्या, त्या दाजींनी उतरून वेचून काढल्या आणि मगच आत येऊन जेवायला बसले.

डिझेलचीही तीच तऱ्हा. हमरस्त्यावर ज्या पंपाला जास्त लॉऱ्या थांबतात तोच पंप चांगला, कारण लॉरीवाला पोटच्या पोराला फसवील पण इंजिनाला फसवणार नाही, असा त्यांचा सिद्धांत. तिथंही टँकर नुकताच खाली झालेला दिसला तर डिझेल घ्यायचं नाही. टाकीच्या तळाचा गाळ वर आलेला असतो म्हणे. मग गाळ बसेपर्यंत समोरच्या ढाब्यावर चहा. अशा गाळ बसवण्यात माझ्या सुट्ट्यांचा बराच भाग गेला आहे. मी बसवकल्याणला मास्तर आहे, मला सुट्ट्या जरा बऱ्या मिळतात, आणि दाजींना ते पक्कं ठाऊक आहे.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण दाजींच्या या सेवेमागं एक दुखणं होतं. ते गाडीच्या पहिल्याच दिवसाचं.

दाजींचे थोरले भाऊ हुलसूरला शेती बघतात. त्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो. वडील लवकर गेले, तेव्हा दाजी शाळेत होते. अण्णांनीच त्यांना वाढवलं, शिकवलं आणि हुमनाबादला आडत टाकून दिली. त्या घरात काहीही पहिलं व्हायचं ते अण्णांच्या हातनं. दुकानाचं शटर पहिल्यांदा वर गेलं ते त्यांनी ओढलं, भाच्याच्या पाटीवर पहिलं अक्षर त्यांनी गिरवलं, स्कूटरला पहिला नारळ त्यांनी फोडला. गाडी ठरली त्याच दिवशी दाजींनी हुलसूरला फोन केला होता, "अण्णा, गुलबर्ग्याहून गाडी घेऊन सरळ तुमच्याकडंच येतो." तिकडं अण्णांनी अंगण सारवून घेतलं. झेंडूच्या माळा, लिंबं, कोहळा आणि शेंडीचा निवडक नारळ मांडून ते धुवट धोतर नेसून सकाळपासून ओट्यावर बसले.

आणि गुलबर्ग्याच्या शोरूममध्ये काय झालं? तिथं रीतच होती. गळ्यात टाय बांधलेला एक मॅनेजर आला, त्यानं बॉनेटवर कुंकवाची बोटं ओढली, चाकांखाली लिंबं ठेवली, दाजींना गाडीत बसवलं आणि दाजी "अवो, थांबा की" म्हणेपर्यंत खाडकन नारळ फोडला. पेढे वाटले, फोटो काढला. मी आणि अक्कानं टाळ्या वाजवल्या. दाजींचा चेहरा त्या फोटोत आजही बघण्यासारखा आहे. रस्त्यात एका विहिरीवर थांबून त्यांनी कुंकू धुतलं, चाकांना चिकटलेल्या लिंबाच्या साली काडीनं काढल्या. पण अण्णा शेतकरी माणूस. गाडीभोवती एकदा फिरले, खाली वाकले आणि मागच्या चाकाच्या खाचेतून लिंबाची एक बी नखानं बाहेर काढली.

"कुणी फोडला?"

"शोरूमच्या म्यानेजरनं."

"नाव काय त्येचं?"

"ठावं न्हाई, अण्णा."

"नाव ठावं न्हाई, अन् पहिला नारळ त्येच्या हातचा," असं म्हणून अण्णा आत गेले. माळा तशाच ओट्यावर राहिल्या. दाजींनी पाय धरले, दुसऱ्या दिवशी पोतंभर नारळ नेले. "पहिला तो पहिला. आता फोडून काय करू?" एवढंच उत्तर मिळालं. ज्याला जन्मभर 'तम्मा', म्हणजे धाकट्या, म्हणून हाक मारली, त्याच्याविषयी अण्णा मला म्हणाले, "मास्तर, पाव्हण्याला जेवून जावा म्हणावं." दाजी न जेवता परतले. मला त्या दिवशी अण्णांचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांची कीवही आली होती.

तेव्हापासून दाजींनी मनाशी एक धरलं. जोवर अण्णांचा नारळ फुटत नाही तोवर गाडी नवीच. नव्या गाडीच्या सीटवर शोरूमचं प्लास्टिक असतं, ते तसंच राहिलं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्या प्लास्टिकवर बसून गेलेला माणूस उतरताना आपलं थोडंफार कातडं मागं ठेवून जायचा. ओरखडा पडू नये म्हणून गाडी बाजारात न्यायची नाही. चिखल लागू नये म्हणून पावसात काढायची नाही. मात्र दर खंडेनवमीला, अवजारांच्या पूजेच्या दिवशी, तिला धुऊनपुसून, पुढं केळीचे खुंट बांधून दाजी हुलसूरला अण्णांच्या अंगणात नेऊन उभी करायचे आणि बाजूला मान खाली घालून थांबायचे. अण्णा ट्रॅक्टरला कुंकू लावायचे, फवारणीच्या पंपाला लावायचे, वहिनींच्या शिलाई मशीनला लावायचे. एका वर्षी तर ताट घेऊन गाडीला चांगला लांबचा वळसा घातला आणि भिंतीला टेकवलेल्या, बिनाचेनच्या सायकलला हळदकुंकू वाहिलं. परतताना दाजींनी मला बसवकल्याणला उतरवलं. मग म्हणाले, "सायकलचं नशीब बघा, मास्तर."

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी हुमनाबादला गेलो, तर दारात जहिराबादचा एक गिऱ्हाईक गाडीखाली डोकं घालून बसलेला. मला वाटलं, मेस्त्री असेल. अक्का पदराला डोळे पुसत म्हणाली, "इकायलेत."

मला खरं वाटेना. दाजी किडनी विकतील एकवेळ, पण गाडी? मी त्यांना बाजूला घेतलं. त्यांनी मला पोराला समजावावं तसं समजावलं. "मास्तर, हिचा नारळ फुटलाय. त्येला आता इलाज न्हाई. म्हणून ही इकायची, अन् अशीच दुसरी घ्यायची. ह्या रंगाची. आधीच बजावून सांगायचं, नारळाला हात लावायचा न्हाई म्हणून. अन् सरळ हुलसूरला न्यायची. त्यो पहिला हुईल का न्हाई?"

"आणि हिच्याशिवाय करमेल तुम्हाला?"

 दाजींनी आरशावरचा बोटाचा डाग पुसला, जो तिथं नव्हताच.

गिऱ्हाईक बिचारा गोंधळून गेला होता. "इत्ती अच्छी गाडी कायकू बेचरे सेठ? कुछ ऐब है क्या?" सीटवरचं प्लास्टिक बघून तर त्याला घातपाताचाच संशय आला. दाजींनी त्याला ऐब सांगायला सुरुवात केली. पिवळी खूण विझेपर्यंत दम धरा. लांबून आलात की टर्बोला बसू द्या, घाई करू नका. खड्ड्यात तिला शिव्या देऊ नका, तिला कळतंय. तासभर हे ऐकून तो कळवळून म्हणाला, "सेठ, गाडी देरे की बेटी देरे?"

तेवढ्यात कोपऱ्यावरून अण्णा येताना दिसले. हातात कापडी पिशवी, अंगावर बसची धूळ. अक्का आणि हुलसूरच्या वहिनी या दोघी जावांचं फोनवरचं बोलणं कधीच थांबलेलं नव्हतं, हे आम्हा पुरुषांना त्या दिवशी कळलं. अण्णा सरळ गाडीपाशी आले. दाजी ओट्यावरून उठले आणि उभेच राहिले.

"कामून इकायलास?"

दाजी बनियनला हात पुसायला लागले.

"माझ्या नारळासाठी?"

दाजी चाकाकडे बघत राहिले. अण्णा गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "भाई, गाडी नै बेचना. घर की है." तो बिचारा "मैं पैलेच समझा" म्हणत, खाल्लेल्या चिवड्याबद्दल अक्काचे आभार मानून निघून गेला.

अण्णांनी पिशवीतून नारळ काढला. दाजींचे डोळे लकाकले. ते धावत पाण्याचा तांब्या आणायला निघाले, तर अण्णांनी तो नारळ अक्काच्या हातात दिला. "पोरी, ह्येची चटणी कर. सकाळपासनं उपाशी हाय."

"अण्णा, नारळ फोडायचा न्हवं?" दाजी रडकुंडीला आले होते.

"कशाला रं, तम्मा? माझ्या नारळाबिगर बी इतकी वर्सं चालली की ही. चांगली चालली. मीच येड्यावानी बसलो घरात." अण्णा हे हसतच म्हणाले, पण म्हणताना त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहिला. आपल्या हाताशिवायही धाकट्याचं सगळं सुरळीत चालतं, हे त्यांना त्या वेळी किती लागलं असेल, हे आज माझी स्वतःची पोरं पुण्याला असताना मला जरा कळतं.

जेवणं झाली. चटणी फारच झकास झाली होती. संध्याकाळी अण्णा बसनं जातो म्हणाले, तेव्हा दाजींनी दार उघडून धरलं, आणि अण्णा पहिल्यांदा त्या गाडीत बसले. मी मागं बसलो. हुमनाबाद सोडलं, हमरस्ता लागला, तरी दाजी काही वेग घेईनात. लॉऱ्या पुढं गेल्या, बस गेली, तीन माणसं बसवलेली एक मोटारसायकल गेली. मला वाटलं, इंजिनाची काळजी.

शेवटी अण्णांनाच राहवेना. "बैलगाडी चालवायलास का रं? जोरात चालीव की."

दाजी समोर बघत म्हणाले, "जोरात गेलं तर हुलसूर लौकर येतंय, अण्णा."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर दोन्ही बाजूंना तुरीला पिवळी फुलं आली होती.  अण्णांनी काच खाली केली, हात बाहेर काढला, आणि मागं हॉर्न वाजवत अडकलेल्या ट्रॅक्टरवाल्याला, तू जा बाबा पुढं, अशी खूण केली.